जावई दारातच आहे

सन्माननीय अध्यक्ष, आमचे संचालक साहेब. व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे. आजच्या सत्कारमूर्ती, आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई. आणि चहा कधी येतोय म्हणून दाराकडे बघणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो, सर्वांना नमस्कार.

बाईंबद्दल चार शब्द बोलायला मला उभं केलंय. प्रकृतीच्या कारणास्तव त्या मुदतीआधी निवृत्त होताहेत, असं निमंत्रणात छापलंय. आज सकाळी जिने चढून त्या वर आल्या, तेव्हा धाप मला लागली होती. असो.

पाहुण्यांसाठी आमचं काम थोडक्यात सांगतो. कर्करोगाची पेशी नेमकी ओळखून तिला चिकटणारी अँटिबॉडी असते. तिच्या पाठीवर आम्ही जहाल औषध बांधतो. पेशी तिला आपणहून आत ओढून घेते आणि औषध आत सुटतं. बाई तिला जावई म्हणतात. बॅगेत काय आहे हे न विचारता ज्याला घरात घेतात, तो जावई! पण तो दारातच अडला आणि बॅग तिथेच उघडली तर? मग ते जहर रक्तातून अंगभर जातं.

पंचाईत अशी, की चमकता रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर दारातला आणि घरातला, दोघेही सारखेच चमकतात. म्हणून बाईंचा हट्ट, आधी पेशी ॲसिडने धुवा. दारातले वाहून जातात, आतले उरतात. कुणी चमकदार चित्र नाचवत आलं, की बाई एवढंच विचारायच्या, "धुतलंस का रे?"

या औषधाची दुसऱ्या पद्धतीने बनवलेली नवी खेप आली, तेव्हाही त्यांनी तेच विचारलं. वरून उत्तर मिळालं, "वेळ नाही, पेशंट ठरलेत." बाई अडून बसल्या. मग लवकरच त्यांची प्रकृती बिघडली, म्हणजे कागदावर.

त्या पेशंटांत पहिली माझी ताई आहे. उद्या ती दाखल होतेय. काल मला म्हणाली, "घरच्या माणसाच्या हातचं औषध, मला कसली रे भीती?" मला भीती वाटते, साहेब. या क्षणीही वाटतेय.

आज सकाळी मी नवी खेप पेशींवर घातली आणि धुतली. पडद्यावर सगळा अंधार. आत कुणीच गेलेलं नाही. आपल्या केबिनमध्ये येऊन मी हे सांगितलं, तर आपण म्हणालात, "समारंभ होऊ दे, मग बघू."

साहेब, समारंभ होत आला.

बाई, तुमचे आभार मानायला आज तोंड उरलेलं नाही. आयोजकांचे आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या सर्वांचे मात्र आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर पोटात घाला. ते औषध तेवढं माझ्या ताईच्या शिरेत घालू नका.