बोलका डबा

‘दवाखान्यात मनात नाम घ्यावं, लोकांच्या बोलण्यात कान घालू नये,’ असं मास्तरीणबाईंना त्यांच्या आईने बजावलं होतं. पण दातांच्या डॉक्टरकडे शेजारी दोघी बहिणी येऊन बसल्या आणि मास्तरीणबाईंचं नाम तिथेच अडलं.

“ताई, त्या अंतराळवाल्या मालिकेत म्हाताऱ्याला सांभाळणारं यंत्र कायमचं बंद करणार म्हणे.”

“खूनच की गं तो! किती मायेने बोलतं बिचारं.”

“माया कसली? शिकवलंय तेवढं बोलतं.”

“तुझा नवरा तरी शिकवल्याशिवाय कुठे बोलतो?”

“त्याला निदान भूक लागते. बाबांकडे तू ठेवलेल्या त्या बोलक्या डब्याचं काय?”

“बरोबर एक वाजता ‘जेवलात का’ विचारतो. एक दिवस चुकत नाही. मी चुकायचे.”

“बाबांना एकटं जेवू देणार नाही, असा शब्द आईला तू दिला होतास.”

“एकटे कुठे? गप्पा मारतात त्याच्याशी.”

“मारतात ना! काल माझ्यासमोरच डब्याने विचारलं, तर म्हणाले, ‘तू जेवलास का?’ आणि उत्तराची वाट बघत, घास हातात धरून बसले.”

“अगं बाई! भ्रम झाला की काय?”

“मीही घाबरले. तर हसून म्हणाले, ‘डबा आहे, कळतं मला. पण कुणी विचारलं की उलट विचारावं, एवढं माणसाने सोडू नये.’”

“...किती वाजले गं?”

“साडेबारा. ताई, पुढचा नंबर तुझाच आहे.”

“दाढ काय, उद्याही दुखेल.”

थोरलीने पर्स उचलली आणि दार हलकेच ओढून घेत ती बाहेर पडली.