गजूच्या टीममधला हीलर

सुलतानपूरच्या थांब्यावर मेहकरची बस काही येईना. रात्रपाळी करून निघालेली नर्स स्नेहलता बाकावर डोळे मिटून बसली होती. शेजारी दोन तरुण मोबाईलवरच्या गेमवरून भांडत होते.

"गजू, आजच्या मॅचमधी मी कोणाले बरं करणार नाही."

"काऊन बे निकेत? आपल्या टीमचा हीलर तूच हायेस. जखमी झालेल्याले बरं करायचं काम तुहंच."

"म्हणूनच. तुम्ही तलवारी घेऊन मजा करता. मी मांगून मलमपट्टी करत फिरतो."

"तुह्या बिगर आम्ही मरून जाऊ."

"मरा. जिंकलो का तू भारी, हरलो का चूक माही. काल तुहा जीव वाचवला, थँक्यू म्हटलं?"

"घाईत होतो."

"अन् मी मरत होतो तवा?"

"तवाबी घाईतच होतो."

स्नेहलताने डोळे उघडले.

"भाऊ, तिथं जेवाले सुट्टी भेटते का?"

निकेत गडबडला. "ताई, गेम हाय हा. कवाबी बंद करता येते."

"पेशंट तसेच सोडून?"

"हाव."

"कोणी बोलत नाही?"

"बोलतात. पण आवाज बंद करता येते."

स्नेहलता सरकून त्याच्याजवळ बसली.

"मंग तुही जागा मले दे."