भिजलेलं फडकं

ओश शहरात गाडी दाखवायला मी एर्मेक मिस्त्रीकडे थांबलो होतो. माझ्यापुढे तोलोगोन आजोबा आणि त्यांची बायको बुरमा, आपली जुनी गाडी घेऊन.

“काका, पेट्रोलचा वास येतो कधी?” एर्मेकने आजोबांना विचारलं.

“येतच नाही. हिला भास होतात.”

“भास? डोकं भणाणतं माझं! टाकी भरली की मागच्या सीटकडून येतो, बाळा.”

“काकूंचं खरंय. टाकीत पेट्रोल ओततो ती नळी तडकलीय. हे बघा, फडकं भिजलं. हुंगा काका.”

“हं. याला कुठे वास आहे?”

“अहो, नाकाला लावलंय तुम्ही ते! कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“वास येत नाही ते.”

“तो मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून.”

“दोन वर्षं? आणि रोज मी भट्टीतून रोटी काढली की म्हणता, काय घमघमाट सुटलाय!”

“तू आधी स्वतः हुंगतेस ना. तुझा चेहरा बघून सांगतो.”

“पिशवीत आजची रोटी आहे. ही बघा, हुंगली मी. आता सांगा.”

“थांब. आधी डोळे पूस. असं मला वाचता येत नाही.”