तंबूतला विलाप

साल्तानात: बसत नाही, एजे. उभ्यानंच बोलते.

बुरूलकान: अगं, एजे म्हणतेस, ताई म्हणतेस, आणि भर वर्गातून उठून गेलीस! 'दुसऱ्याचं काही नेटवर टाकण्याआधी त्याला विचारा,' एवढंच तर शिकवत होते.

साल्तानात: तुमच्या तोंडून ऐकवेना ते. बाबा गेले तेव्हा आईनं तंबूत विलाप गायला. तो फोनवर घेऊन नेटवर टाकलात, तेव्हा आईला विचारलंत?

बुरूलकान: (फळा पुसता पुसता थांबते) चेहरा कुठे दिसतोय तिचा? पाठच तर आहे. म्हणून मला वाटलं...

साल्तानात: विलाप गाणारी बाई भिंतीकडेच तोंड करून बसते! आणि चेहरा हवाय कशाला? आईचा गळा अख्खं खोरं ओळखतं.

बुरूलकान: त्या गळ्यापायीच केलं गं. ऐकताना वाटलं, देव इथेच येऊन टेकलाय. असं गाणं हरवू नये, जगानं ऐकावं...

साल्तानात: जगानं काय ऐकलं, सांगू? 'मारलंस मला, तरी तुझ्या पावलांची वाट बघते.' तेवढंच कापून पोरं नारीनच्या बसथांब्यावर वाजवतात. मला विचारतात, काय गं, बाप रोज मारायचा, की जुम्म्याला सुट्टी?

बुरूलकान: या अल्ला! काढून टाकलंय मी ते. कालच.

साल्तानात: तुम्ही काढलंत. त्यांच्या फोनांतून कोण काढणार? परीक्षेत हा प्रश्न आला तर काय लिहू, एजे?

बुरूलकान: (फळ्यावर उरलेलं वाक्य पुसून टाकते)

साल्तानात: पुरुष बाहेर उभे असतात, आत तंबूत बाई मेलेल्या माणसाला हवं ते बोलते. बाकीच्या रडतात, आणि ऐकलेलं तिथंच ठेवून उठतात. आजवर कुणी बाहेर नेलं नव्हतं. तुम्ही तर आईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला होतात. तिला वाटलं, डोळे पुसायलाच वाकलात.

बुरूलकान: मी येते घरी. माफी मागते तिची.

साल्तानात: या की. चहा ओतेल, रोटी मोडून पुढे ठेवेल. बोलायची मात्र नाही. कुणाशीच बोलत नाही ती. बाबांना जाऊन वर्ष होईल, तेव्हाही गाणार नाही म्हणते.

बुरूलकान: नवऱ्याच्या वर्षाला विलाप नाही? मग गाणार कोण?

साल्तानात: मी. येईल तसं, मोडकंतोडकं.

बुरूलकान: मी बसेन तुझ्याजवळ. फोन घरी ठेवून येईन, शप्पथ.

साल्तानात: नको, एजे. तुम्ही बाहेर उभ्या राहा, पुरुषांत.