उतार वाळेपर्यंत

सिमेंटचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमी घरं दुरुस्त करणारी माणसं, पण वर्षातून एखाद्या गरजूचं काम फुकट करतो. यंदा कुरुंद्याच्या गंगारामकाकांचं केलं. काकांना लकवा मारलेला, अन् चाकाची खुर्ची उंबऱ्यातच अडायची. आमी दार रुंद केलं, पुढं सिमेंटचा उतार बांधला.

"काका, ओलं हाय. आठवडाभर खुर्ची घालू नका."

"बराबर. मग टपरीवर येतो. चहा माझ्याकडून."

काकू रोज उतारावर पाणी मारायच्या. काका आतून विचारायचे, "वाळलं का?"

आठवडा भरायच्या आतच काका गेले. तिरडी उचलली, तर काकूंनी ती दारातच थांबवली अन् माझ्याकडं पाहिलं.

"बाबा, वाळलं का रे? चौघांचा भार हाय."