उणे चाळीस हवं!

हसताय काय? उणे चाळीस हवं म्हणजे हवं! अहो, नोव्हेंबर अर्धा सरला तरी लोक नुसत्या शर्टावर, आणि टपाल कचेरीतली डोरीन मला म्हणते, "काय झकास हवा पडलीय, अर्विडआजोबा!" झकास? कसली झकास! ऑगस्टात भुंगेरे आले, तांदळाएवढे, काळे, घरामागच्या तीन पाइनच्या सालीत घुसले, अंडी घालून मोकळे! आता सालीखाली अळ्या, मरतील तर कडाक्याच्या थंडीनंच. त्या जगल्या तर जुलैत पंख फुटून उरलेल्या एकोणचाळीस झाडांवर. माझ्या बायकोनं, एल्सानं लावलेली झाडं. एल्सा गेली, झाडं आहेत... म्हणून उणे चाळीस हवं!

जंगलखात्याची जनेल म्हणाली, "आजोबा, ती तीन आत्ताच तोडून जाळा." मी म्हणालो, पोरी, सत्तर हिवाळे काढलेत इथं, थंडी कशाला असते? आणि तोडलं नाही. मग रोज तापमापक बघतोय, उणे दोन, उणे पाच, एकदा तर पाऊस! सालीला कान लावला की आत कुरकुर ऐकू येते... खरी का माझ्या छातीतली, देव जाणे. शेजारी ओरडतो, "काय म्हणतंय झाड?" काय म्हणणार? उणे चाळीस हवं!

आणि जानेवारीत पडली! उणे छत्तीस! नाकातले केस कडक, थुंकी टणक, आणि मी अंगणात उभा, हसतोय! म्हटलं जनेलला आणून मेलेल्या अळ्या दाखवू. किल्ली फिरवली... ट्रक हूं की चूं नाही. खाली वाकून बघतो तर इंजिनाला ही एवढी चीर!

शेवटी जनेल स्वतःच आली. चाकूनं साल सोलली. आत पांढऱ्या अळ्या, निपचित. मी म्हणालो, "मेल्या!" तिनं एक तळहातावर घेतली, फुंकर घातली... वळवळली हो!

"नोव्हेंबरात हीच थंडी पडती तर मेल्या असत्या," ती म्हणते. "आता यांनी अंगात गोठू न देणारा रस भरून घेतलाय. तुम्ही रेडिएटरमध्ये घालता ना, तसलाच." मग तिनं ट्रककडे पाहिलं. "आजोबा, तुम्ही काय घातलं होतंत?"

पाणी. ऑक्टोबरात रेडिएटर गळला, म्हटलं एवढ्या उबेत महागाचं औषध कशाला, नळाचं पाणी ओतलं. तेच गोठून फुगलं नि इंजिन तडकलं. सत्तर हिवाळे काढलेला मी! दाण्याएवढ्या किड्याला कळलं हिवाळा येणार, मला नाही.

करवत काढली. तीन झाडं आडवी केली. एल्साची माफी मागितली, मोठ्यानं. आता ओंडके गावाबाहेरच्या उघड्या खाणीपाशी नेऊन जुलैच्या आत जाळायचे, आणि ट्रक मेलेला. कुडकुडत डोरीनकडे गेलो, म्हटलं, तुझा देतेस का?

"देते की!" ती म्हणाली. "हवा तर अगदी तुमच्या मनासारखी पडलीय."