तेलाचा पंजा

मी जतकडचा, मेंढरामागं फिरणाऱ्याच्या पोटचा, साळा दोन यत्ता. दुष्काळात मेंढरं मेली तवा सांगलीला आलो अन् नांगराच्या कारखान्यात रंगारी झालो, लढाई चालू हुती तवाची गोष्ट. माझी बायकू सखू बी तितंच, लोखंड धुवायला. काय सांगू तुमाला, लोखंडाला तेलाचा नुसता हात लागला तरी रंग धरत न्हाई, वरनं झ्याक दिसतो अन् खालनं सुटतो, म्हणून ती सोड्याच्या गरम पाण्यानं नांगर घासायची, हाताची सालं जायची, मग मी रंग मारायचा.

त्या साली खंडेनवमीला नांगर पुजले. तेलात कुंकू कालवून पाच नांगरांवर पंजा उठवला तो म्याच, लय हौसेनं. दसरा झाला अन् सखू तापानं पडली. मी निघताना म्हणाली, आवं, ते पाच धुतल्याबिगार रंगवू नका, उद्या येते मी. मी म्हणलं व्हय व्हय. पण तासगावला कुस्त्या हुत्या, लवकर सुटायचं हुतं, मग फडक्यानं पुसलं, रंग फासला अन् गेलो. कुणी कुणाला पाडलं ते आता आठवत बी न्हाई.

महिन्यानं ते नांगर परत आले. रंगाला फोड, पापुद्रं सुटलेलं, अन् एकावर तर पाची बोटं उठलेली, खाली गंज. मालक म्हणालं, हे धुतलं कुणी रं? पूजेत मला पंजा उठवताना बघितलेली माणसं माझ्याकडं बघाय लागली. मी म्हणलं, धुवायचं काम हिचं हाय, मालक. खोटं न्हवतं, अन् खरं बी न्हवतं. मालक म्हणालं, बाई, उद्यापासनं येऊ नगंस. सखूनं त्या पंज्याशेजारी आपला हात धरला, एवढासा हात, माझ्याकडं बघितलं अन् निघाली. मागनं एकजण म्हणला, गड्या, धड धुता येत न्हाई अशा बायकूच्या हातचं जेवतूस तरी कसं? सगळी हसली. मी बी हसलो.

मग ती जलमभर लोकांच्या रानात खुरपत राहिली, त्यावर शब्द काढला न्हाई. एकदाच, नातवाच्या लोखंडी पाळण्याला रंग द्यायला बसलो तवा म्हणाली, आधी धुवा. एवढंच.

गेल्या पंचमीला गेली. मालक गेलं, ती माणसं बी गेली, आता सांगू कुणाला? तुमी लिवताय तर एवढं लिवा, बाबा, सखूचं काम चोख हुतं, पंजा माझा हुता. बाकीचं न्हाई लिवलं तरी चालंल. बसा, च्या ठिवतो, मला जमतोय तसा.